बाबांची तपासणी मी करणार नाही

रांची, मार्च

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की आई, तू "जेवलीस का" विचारतेस आणि बाबा, तुम्ही फोन आईच्या हातात देऊन आमराईत फिरायला निघता. म्हणून लिहून पाठवतेय. दोघांनी एकत्र बसून वाचा. आईनं मोठ्यानं वाचायचं, आणि बाबांनी कानातलं यंत्र लावून ऐकायचं.

जे ठरलंय ते आधी सांगते. पाडव्याला मी येत नाही. येत्या मंगळवारी दादा पुण्याहून येतोय, मिरजेतल्या न्यूरॉलॉजिस्टची अकराची वेळ आम्ही दोघांनी मिळून घेतली आहे. आणि दादा, वहिनी, आत्या सगळे म्हणत असले तरी बाबांची स्मरणशक्तीची तपासणी मी करणार नाही. फोनवर नाही आणि परीक्षा झाल्यावर घरी येईन तेव्हाही नाही.

आई, तू स्वयंपाकघरातून हळू आवाजात जे सांगितलंस ते बाबांसमोरच लिहितेय, रागावू नकोस. बाबा, तिनं तुमची तक्रार केलेली नाही. तुम्ही गणपती पेठेत स्कूटर विसरून चालत घरी आलात आणि दुसऱ्या दिवशी ती चोरीला गेली म्हणालात, याची तिला भीती वाटली. २०१९च्या पुरात आपण कुणाकडे राहिलो होतो, हे तुम्ही एकाच दुपारी दोनदा विचारलंत. ज्या घरानं आपल्याला इतके दिवस सांभाळलं ते घर तुम्हाला आठवेना, म्हणून ती रात्रभर झोपली नाही. तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही मलाच फोन केला असता.

दादाचं म्हणणं असं की, "तुझ्याकडे सगळ्या चाचण्या आहेत, घरचीच डॉक्टर आहेस, अर्ध्या तासाचं काम." पहिली गोष्ट, मी डॉक्टर नाही. क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. पुरं होऊन भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आमची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी मिळेपर्यंत मी स्वतंत्रपणे काम करणारी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही नाही. आज मी लिहिलेल्या प्रत्येक रिपोर्टवर माझ्या मार्गदर्शक मॅडमची सही लागते. पण खरं कारण ते नव्हे. उद्या नोंदणी मिळाली तरी मी तुम्हाला समोर बसवणार नाही. तुम्ही अडखळलात की माझी नजर बरोबर उत्तराकडे जाईल, आणि तुमच्यासारखा शिक्षक ती नजर लगेच ओळखेल. घड्याळ चालू असताना मी तुम्हाला दोन सेकंद जास्त देईन. आणि गुण कमी आले, तर तो आकडा कागदावर तसाच उतरवण्याइतकी मी घट्ट नाही. मुलीनं घेतलेल्या अशा चाचणीवर कुठल्याही डॉक्टरनं विसंबू नये आणि तुम्हीही विसंबू नका.

तुम्ही परवा म्हणालात, "काय विचारतात ते सांगून ठेव, मी तयारी करतो." बाबा, तेवढं एक मला करता येणार नाही. आधी प्रश्न सांगून स्मरणाची चाचणी घेणं म्हणजे थर्मामीटर चहात बुडवून ताप बघणं. एकदा घेतलेली चाचणी लगेच पुन्हा घेतली तरी सरावानं गुण वाढतात, म्हणून मधे पुरेसा काळ जाऊ देतात. आमच्या विभागात चाचण्यांच्या पेट्या कुलपात असतात, सही करून घ्यायच्या आणि सही करून ठेवायच्या. दादानं कुठल्या साइटवरून काढलेला कागद तुमच्याकडून सोडवून घेतला असेल तर तो मंगळवारी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

हे लिहिताना मला चौथीची स्कॉलरशिप आठवतेय. बुद्धिमत्ता चाचणीचा भाग आला की तुम्ही लग्नपत्रिका कापून आकृत्या करायचात, त्या जमिनीवर पसरायचात आणि "यातली वेगळी कुठली?" विचारायचात. वर्गातली अर्धी पोरं आपल्या माजघरात असायची, आई सगळ्यांना दूध द्यायची. परीक्षेला निघताना आईनं हातावर दही-साखर ठेवली, तुम्ही माझ्या पेन्सिली तासून रुमालात गुंडाळून दिल्या आणि केंद्राबाहेर सायकलला टेकून पेपर सुटेपर्यंत उभे राहिलात. उन्हात. पाण्याची बाटलीही तुम्ही माझ्याजवळ दिली होती. मी बाहेर आले तेव्हा किती बरोबर आले हे तुम्ही विचारलं नाही, भूक लागली का विचारलंत.

इथं लहान मुलांसमोर सेग्विन फॉर्म बोर्ड ठेवते ना, लाकडाचे दहा आकार आपापल्या खाचेत बसवायचे, तेव्हा मला त्या लग्नपत्रिका दिसतात. मूल तीनदा बसवतं आणि सगळ्यात कमी लागलेली वेळ आपण धरायची. गेल्या महिन्यात एक वडील मुलाला घेऊन लांबून बसनं आले होते. नाव-गाव सांगत नाही. मुलगा आकार बसवत होता आणि वडिलांचे ओठ हलत होते. त्यांना मी बाहेर बसायची विनंती केली, ते मुकाट्यानं गेले आणि दाराच्या फटीतून बघत राहिले. त्यांना बाहेर बसवताना मला तुमचीच आठवण आली.

आता माझ्या परीक्षेचं. तुम्हाला वाटतं मी नुसती पाठ करतेय. पहिल्या वर्षाला तीन लेखी पेपर आहेत: मानसिक आजारांची मनोसामाजिक पार्श्वभूमी, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती, आणि मनोविकारशास्त्र. शिवाय मानसशास्त्रीय मूल्यमापनाचं प्रॅक्टिकल आणि व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, आणि त्याआधी पाच पूर्ण सायकोडायग्नोस्टिक रिपोर्ट द्यायचे. प्रॅक्टिकलला पेशंट समोर देतात. इतिहास घ्या, कुठल्या चाचण्या लावायच्या ते ठरवा, लावा, गुण द्या, अर्थ लावा आणि परीक्षकांसमोर प्रत्येक निर्णयाचं कारण सांगा. रोर्शाक चाचणीचे दहा शाईडाग दाखवून उत्तरं लिहून घेणं एका बैठकीत होतं, पण एकेका उत्तराचं स्कोअरिंग करताना रात्र सरते. मधेच हटिया-पुणे गाडीनं तिकडे आणि लगेच परत आले, तर जाण्यायेण्यातच आठवडा जाईल आणि दोन केसेस अर्ध्या राहतील. त्या माणसांनी मला तासन् तास दिले आहेत.

आणखी एक. नव्या शैक्षणिक धोरणानं एम.फिल. बंद केलं, आमच्या विषयाला तेवढी थोडी मुदत मिळाली आणि त्या मुदतीत मला ही जागा मिळाली. शाळेतली समुपदेशकाची नोकरी सोडून आले तेव्हा तुम्ही दोघं एक अक्षर बोलला नाहीत, आईनं फक्त मेथकुटाचा डबा दुप्पट भरला. तुमचं ते न बोलणं माझ्या लक्षात आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं ते लिहिलंय, त्यात ही दोन वर्षं पेशंटमध्ये राहून केलेली एम.फिल. आहे. मला हे काम पूर्ण हक्कानं करायचंय.

बाबा, यातलं तुम्हाला आवडेल असं सांगते. बुद्धिमत्तेची बिने चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी १९३४ साली बसवली, धारवाडला, म्हणजे आपल्या सांगलीपासून काही तासांवर. ती अजून वापरतात. वाइनलँडच्या सामाजिक परिपक्वता मोजपट्टीचं जे भारतीय रूप आम्ही लावतो ते मालिन यांनी नागपूरला केलं. भाटियांनी १९५५ साली आपल्या बुद्धिमत्ता चाचणीत शाळेत न गेलेल्या मुलांसाठी वेगळे नॉर्म्स, म्हणजे तुलनेसाठीचे गुण, दिले. इतक्या जुन्या नॉर्म्सवर आजच्या मुलाला तोलायचं का, हा प्रश्न व्हायव्हात हमखास येतो, आणि माझं मत असं की आकड्याशेजारी ते वर्ष लिहिल्याशिवाय रिपोर्ट पुरा होत नाही.

आणि हे तोंडी गणित करा: प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा पसारा, १५; चाचणीची विश्वसनीयता ०.९१. एकातून ०.९१ वजा करा, वर्गमूळ काढा, पंधरानं गुणा. साडेचार. एवढी चूक आलेल्या गुणात दोन्ही बाजूंना धरायची. म्हणजे ज्या मुलाचा बुद्ध्यांक ७२ आला, त्याचा खरा आकडा साधारण ६७.५ ते ७६.५च्या मधे आहे, तेही तीनात दोनदा बरोबर येईल इतक्याच खात्रीनं. आणि बौद्धिक अपंगत्वाची रेघ सत्तरवर ओढलेली. त्या रेघेच्या कुठल्या बाजूला पडतो यावरही त्याचं प्रमाणपत्र, पेन्शन, शाळेतली सवलत. म्हणून मी रात्री बारापर्यंत बसते. गुण देताना माझा हात घाईत असेल तर कुणाच्या तरी मुलाचं नुकसान होतं.

तुमच्याकडे येते. बाबा, विसरणं म्हणजे एकच आजार नव्हे. तुम्ही कितीतरी वर्षं साखरेची मेटफॉर्मिन घेताय, त्यानं बी-१२ कमी होऊ शकतं, त्यात आपण शाकाहारी. बी-१२ कमी असलं तरी माणूस विसरतो. थायरॉइडनं विसरतो. रात्री चारदा उठणाऱ्याचं दिवसा लक्ष लागत नाही. ज्याला नीट ऐकूच आलं नाही, त्याला ते आठवणार कसं? आणि नाना गेल्यापासून तुम्ही रेडिओ लावलेला नाही. मन इतकं जड झालं की स्मरणही मागे पडतं आणि मनावर उपचार केले की सुधारतंही. यातलं बरंच काही एका गोळीनं, इंजेक्शननं किंवा यंत्राच्या नव्या बॅटरीनं हलकं होण्यासारखं आहे. दुसरं काही निघालं, तर लवकर कळलेलं बरं, कारण तेव्हा पुढचं सगळं तुम्ही स्वतः ठरवू शकता. मी आणि दादा आहोत. तुम्ही दोघं एकटे नाही.

आत्याला सांगा, न्यूरॉलॉजिस्टकडे जाणं म्हणजे येरवड्याच्या मनोरुग्णालयात जाणं नव्हे. आणि येरवड्यात किंवा इथं रांचीत कांकेच्या मनोरुग्णालयात जे येतात तीही आपल्यासारखीच माणसं आहेत, हेही सांगा.

दादानं डॉक्टरांना काय विचारायचं ते त्याला लिहिलंय, तुमच्यासाठीही लिहिते. ओपीडीत तीस गुणांची छोटी चाचणी घेतील. बाबांनी चाळीस वर्षं गणित शिकवलंय, त्यांना त्यात पैकीच्या पैकी पडतील आणि सगळे हुश्श करतील. तिथं थांबू नका. खूप शिकलेला माणूस छोट्या चाचणीत सहज निभावून जातो. सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी मागा, मराठीत बोलणाऱ्या माणसाकडून, आणि एकाहत्तर वर्षांच्या माणसाचे नॉर्म्स आहेत का ते विचारा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेचा २००४चा चाचण्यांचा संच पासष्टीपर्यंतच्या लोकांवर बसवलेला आहे, ज्येष्ठांसाठी वेगळा आहे.

आई, मंगळवारी बाबांना नीट झोप झाल्यावर उठव, नाश्ता वेळेवर दे, साखरेची गोळी चुकवू नको. वाचायचा चष्मा, यंत्र आणि जादा बॅटऱ्या पिशवीत टाक. सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्यायची, चिठ्ठी नको. तुझ्या मैत्रिणीनं दिलेली झोपेची गोळीही न्यायची, लपवायची नाही. डॉक्टर बाबांना विचारत असतील तेव्हा तू उत्तर द्यायचं नाही. तुला राहवणार नाही, मला माहीत आहे, म्हणून तू बाहेर बस आणि स्कूटरचं, पुराचं सगळं डॉक्टरांना वेगळं सांग. रक्ताचे रिपोर्ट आल्यावर फोटो मला पाठवा, अर्थ गूगलवर शोधू नका. स्कूटर तोवर दादाच्या ताब्यात. बाबा, हे शिक्षा म्हणून नाही. आमराईपर्यंत चालत जाच, फक्त शेजारच्या काकांबरोबर.

माझी काळजी करू नका. मेसमध्ये डाळ-भात-चोखा असतो, रविवारी धुस्का. इंडक्शनवर पिठलं होतं, मेथकूट अजून आहे. थंडी गेली, तरी आईची गोधडी घेते. खोलीत मच्छरदाणी लावली आहे. हॉस्टेलचं फाटक रात्री बंद होतं आणि मी एकटी बाहेर जात नाही. अभ्यासाला बरोबरच्या मुली आहेत, आम्ही एकमेकींची व्हायव्हा घेतो.

पाडव्याला गुढी बाबांनीच उभारायची, दादाला काठी धरायला सांगा. श्रीखंड बाबांना दोन चमचे, जास्त नाही. मंगळवारी डॉक्टरांकडून निघालात की आधी मला फोन करायचा, आत्याला नंतर.

तुमची,
मनू

ता. क. बाबांचे जुने चष्म्याचे आणि शुगरचे रिपोर्ट कपाटात वरच्या कप्प्यात, माझ्या स्कॉलरशिपच्या प्रमाणपत्राखाली आहेत. झेरॉक्स काढून न्या, मूळ प्रती डॉक्टरांकडे ठेवू नका.