ते स्वप्न नव्हतं

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला मरणाच्या दारातून परत आलेल्यांवरचा लेख वाचला आणि खरं सांगतो, संताप आला. अमेरिकेतले मेंदूतज्ज्ञ केविन नेल्सन यांचा २००६चा अभ्यास पुढे करून लेखकाने निकालच देऊन टाकलाय की या लोकांना त्या वेळी जे दिसतं ते सगळं स्वप्न. अहो, त्या अभ्यासात असे अनुभव आलेल्या ५५ जणांना विचारलं होतं की एरवी कधी जागेपणी स्वप्नासारखं काही दिसतं का, उठताना अंग लुळं पडतं का. ६० टक्के हो म्हणाले, असा अनुभव न आलेल्या लोकांत २४ टक्के. म्हणजे अशा लोकांची झोप-जागेपणाची घडण जरा वेगळी असू शकते, एवढंच. हृदय बंद पडलं तेव्हा ते स्वप्न बघत होते हे त्यातून कुठे सिद्ध होतं?

माझ्या आईचं हृदय अँजिओप्लास्टी चालू असताना थांबलं, शॉक देऊन परत आणलं. शुद्धीवर आल्यावर राउंडला आलेल्या डॉक्टरला ती सांगायला लागली की एक माणूस जाड चोपडी उघडून बसला होता, ओळीवरून बोट फिरवत होता, त्याचं नख पिवळं होतं, आणि म्हणाला हिचं नाव नाही, परत सोडा. डॉक्टरने फाइलमधून मान वर न करता सांगितलं, आजी, औषधांमुळे स्वप्न पडलं असेल. ती जी गप्प झाली ती घरी आल्यावरही कितीतरी महिने बोलली नाही, आम्हा मुलांशीसुद्धा. मला राग आहे तो याचा.

चोपडी दिसली कारण चित्रगुप्त लहानपणापासून ऐकलेला, हे मान्य, तेवढं स्वप्नासारखं आहेच. सतवंत पसरिचा आणि इयन स्टीव्हन्सन या संशोधकांनी १९८६ साली भारतातल्या १६ जणांच्या हकिगती छापल्या त्यातही यमदूत आणि चुकून दुसऱ्यालाच उचलून आणल्याचं आहे. पण आईला रात्रीचं स्वप्न चहा होईपर्यंत आठवत नाही आणि हे मात्र आजही विचारा, त्याच क्रमाने, त्या नखासकट सांगते. हॉलंडमधले हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ पेशंटना विचारलं, ६२ जणांनी असा काही अनुभव सांगितला, आणि त्यातल्या ज्यांना ८ वर्षांनी परत गाठलं त्यांना तो जवळपास जसाच्या तसा आठवत होता. लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००१ साली आलंय हे. लेखात त्याचा उल्लेखही नाही!

परलोक आहे असं मी म्हणत नाहीये, मेंदूचंच काहीतरी असेल, पण मग ते काय आहे ते शोधा ना, स्वप्नाचं लेबल लावून मोकळे कशाला होता. पुढच्या लेखात निदान एखाद्या पेशंटशी बोला. आणि पुरवणीचा टाइप कृपया मोठा करा, ज्यांच्यासाठी आरोग्याचं पान छापता त्या म्हाताऱ्या माणसांना तो वाचताच येत नाही, आईला सगळा लेख मला वाचून दाखवावा लागला.

- एक नियमित वाचक