मॅडम, तुम्ही आईची गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतलीत

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आई तुम्हाला आठवते का माहीत नाही, तुमच्या ओपीडीत केवढी गर्दी असते. साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी घेऊन आली होती, नाव सांगतानाच ढास लागली आणि नाव अर्धंच राहिलं, ती. परवा रात्री तीनला मी दचकून जागी झाले, घरात आईच्या खोकल्याचा आवाजच नव्हता. चार-साडेचार महिन्यांत अशी रात्र गेली नव्हती. उठून आईच्या नाकाजवळ हात धरला तर ती गाढ झोपलेली. तिथेच बसून रडले आणि सकाळी ठरवलं की तुम्हाला लिहायचंच.

तुमच्याआधी आम्ही तिघांकडे गेलो होतो. सिरपच्या सहा बाटल्या, अँटिबायोटिकचे दोन कोर्स, अॅलर्जीची गोळी, अॅसिडिटीची गोळी. एक्सरे क्लिअर, थुंकीची तपासणी निगेटिव्ह, तरी शेजारच्या बायका आईचा पाण्याचा पेला वेगळा ठेवायला लागल्या. घरी अडुळसा, ज्येष्ठमध, हळदीचं दूध सगळं करून झालं. कफाचा थेंब नाही, फक्त घशात काहीतरी टोचल्यासारखं व्हायचं आणि उबळ आली की डोळ्यातून पाणी येईपर्यंत थांबायची नाही. एकांनी तर मान वर न करता सांगितलं की वयाप्रमाणे होतं, मनावर घेऊ नका. आईने भजनाला जाणं सोडलं, अभंग चालू असताना ढास लागली की सगळ्या वळून बघतात म्हणून.

आणि तुम्ही काय केलंत, तर आधी तिला कोमट पाणी दिलंत, उबळ थांबेपर्यंत गप्प बसलात, आणि मग म्हणालात, "मावशी, ती पिशवी द्या बघू इकडे." केसपेपर बाजूला सारून सगळी पिशवी टेबलावर ओतलीत. आई ओशाळली, कारण त्यात गोळ्यांबरोबर सुपारीची डबी आणि एसटीची जुनी तिकिटं पण होती. तुम्ही ती तिकिटं नीट घडी करून परत तिच्या हातात दिलीत. मग एकेक स्ट्रिप उजेडाकडे धरून वाचलीत, ही कधीपासून, ही कधीपासून. बीपीच्या गोळीवर थांबलात. रॅमिप्रिल. आई म्हणाली दिवाळीपासून. खोकला कधी सुरू झाला, तर दिवाळीनंतर महिन्याभराने.

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की नावाच्या शेवटी "प्रिल" असलेल्या बीपीच्या गोळ्यांनी काही जणांना असाच कोरडा खोकला लागतो, बायकांना जास्त. ही गोळी शरीरातलं जे एन्झाइम अडवते, तेच ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडत असतं, तो मोडला नाही की साठतो आणि घशात, श्वासनलिकेत खवखव होत राहते, म्हणून त्यावर कुठलंच सिरप चालत नाही. तुम्ही हे आईला कळेल असं सांगितलंत, तिच्याकडे बघून, माझ्याकडे नाही. गोळी बदलून टेल्मिसार्टन दिलीत, आणि बजावलंत की खोकला एक ते चार आठवड्यांत जाईल, कधी तीन महिनेही लागतात, धीर सोडू नका आणि मनाने बीपीची गोळी कधीच बंद करू नका. तिसऱ्या आठवड्यात फरक पडला.

राग येतो तो याचा, की ज्यांनी ती गोळी लिहून दिली त्यांच्याकडेच आम्ही खोकला घेऊन तीनदा गेलो होतो. पिशवी तेव्हाही आईच्या मांडीवरच होती. गर्दी त्यांच्याकडे असते तशी तुमच्याकडेही होती, बाहेर लोक दारातून डोकावत होते. तरी तुम्ही "पुढचे" म्हणाला नाहीत. माणसाला समोर बसवून त्याचं पूर्ण ऐकून घेणं ही किती साधी गोष्ट आहे, आणि आम्ही त्यासाठी चार महिने वणवण केली. असं वागणारी माणसं अजून आहेत, नुसत्या या गोष्टीनेच मला धीर आला.

एकादशीला आई भजनाला गेली. मी मुद्दाम मागे उभी होते, पूर्ण अभंग म्हटला तिने, वरच्या पट्टीत, मधे एकदाही थांबली नाही. पुढच्या बुधवारी बीपी दाखवायला येतोय. झाडाच्या पायरी आंब्यांची पेटी बांधून ठेवलीय तिने, नको म्हणू नका मॅडम.