चुकलेले उत्तरही नोंदवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तिसरी-पाचवीच्या मुलांना वजाबाकी-भागाकार येत नाही, अशा टक्केवारीच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. त्या वाचून एखाद्या गावची शाळा व्यवस्थापन समिती किंवा शिकलेली पोरे ‘आपल्या गावात तरी बघू’ म्हणून कागद-पेन घेऊन बसतात. त्यांच्यासाठी हे पत्र. अशा तपासणीतून बहुतेक वेळा ‘येते’ आणि ‘येत नाही’ असे दोन रकाने भरून निघतात आणि मुलाने नेमके काय लिहिले होते, ते कागदाबरोबर रद्दीत जाते. खरे तर तेवढेच जपून ठेवण्यासारखे असते.

एक साधी वजाबाकी घ्या : ५२ − ३७. उत्तर १५. अनेक मुले २५ लिहितात. कशामुळे? काही मुले प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतात : ७ मधून २ गेले ५, ५ मधून ३ गेले २. दुसरी काही मुले हातचा बरोबर घेतात, १२ मधून ७ वजा करतात, पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरतात. तिथेही ५ आणि २, म्हणजे पुन्हा २५. दोन अगदी वेगळे घोटाळे, उत्तर एकच. एककातल्या अंकांत पाचाचा फरक असला की हे असेच होणार, म्हणून असे उदाहरण तपासणीला निरुपयोगी. त्याऐवजी ६४ − २८ द्या. बरोबर उत्तर ३६. ४४ आले तर मूल मोठ्यातून लहान वजा करते आहे. ४६ आले तर हातचा घेतला, पण दशक तसाच राहिला. ९२ आले तर चिन्हाकडे लक्षच नाही, बेरीज केली. जोडीला ९१ − ५३ द्या. तिथे याच पहिल्या दोन चुका ४२ आणि ४८ म्हणून दिसतील. शून्याचे एक उदाहरण वेगळे हवे, उदाहरणार्थ ७० − २६. तिथे ५० लिहिणारे मूल ‘शून्यातून काही जात नाही’ असे धरून चालते, ५६ लिहिणारे नेहमीप्रमाणे उलटी वजाबाकी करते. एकाच उदाहरणावरून निदान करू नये, कारण नजरचूक कोणाचीही होते. तीच चूक तीनदा दिसली तर तो त्या लेकराचा नियम समजावा.

पुढचे कामही त्यावरच ठरते. ४४ वाल्याला दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे आणि चार सुट्या काड्या देऊन ‘यातल्या अठ्ठावीस मला दे’ म्हणावे. गठ्ठा सोडल्याशिवाय त्याचे भागत नाही. ४६ वाल्याला हे सगळे माहीत असते. त्याला दशक खोडून वर नवा अंक लिहायची सवय लागली की पुरे. दोघांनाही ‘कच्चे’ म्हणून एकाच रांगेत बसवणे म्हणजे ताप कशाचा ते न बघता सगळ्यांना एकच गोळी देणे.

मुलांच्या वाचन-गणिताची ‘असर’ पाहणी २००५ पासून घरोघर जाऊन, एकेका मुलाला समोर बसवून होते आणि वजाबाकीच्या पातळीसाठी दिलेली दोन्ही उदाहरणे बरोबर यावी लागतात. जिल्ह्याचे चित्र काढायला ती पद्धत ठीक आहे. ती त्यासाठीच बनवलेली आहे. गावात वीस-पंचवीस मुले असताना तिची नक्कल करण्यात काही हशील नाही.

विचारायचे कसे, यावरही उत्तर बदलते. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचा नाण्यांचा प्रयोग अनेक डी.एड.वाल्यांनी पाठ केलेला असतो : दोन सारख्या रांगा दाखवून ‘दोन्हींत सारखी आहेत का?’ असे विचारायचे, मग एक रांग लांब पसरवायची आणि ‘आता कशात जास्त?’ असे विचारायचे. पाच वर्षांचे मूल लांब रांगेकडे बोट दाखवते. पण १९७४ मध्ये रोझ आणि ब्लँक यांनी पहिला प्रश्न गाळून फक्त शेवटी एकदाच विचारले, तर मुलांच्या चुका कमी झाल्या. त्याच वर्षी मॅकगॅरिगल आणि डोनल्डसन यांनी मोठ्या माणसाऐवजी खेळण्यातल्या ‘खोडकर अस्वला’कडून रांग विस्कटवली आणि कितीतरी जास्त मुलांनी बरोबर सांगितले. गुरुजींनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला म्हणजे आपले पहिले चुकले, हे कोणत्याही शहाण्या लेकराला कळते! तेव्हा उत्तर आल्यावर ‘नक्की का?’ म्हणू नका. उत्तर बरोबर असो वा चूक, प्रत्येक वेळी ‘कसे काढलेस ते सांग’ एवढेच म्हणा. नुसत्या चुकीलाच विचारले तर दुसऱ्या उदाहरणापासून मूल तुमचा चेहरा वाचू लागते. हिंगोली-नांदेडकडच्या बंजारा तांड्यांवर सूचना गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बोलीत, देणारे कोणी बरोबर असावे; नाहीतर गणिताऐवजी मराठीचीच परीक्षा होते.

मराठी मुलांची आणखी एक अडचण संख्यांच्या नावांत आहे. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना पाच आधी लिहावा लागतो, म्हणून ३५ लिहिले जाते. ‘एकोणसत्तर’मध्ये सत्तर ऐकू येते आणि कागदावर ७९ उतरते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला. भाषेच्या अभिमानावर भरपूर बोलले गेले, मुलांना अडते कुठे यावर फार थोडे. चिनी भाषेत अकरा ते एकोणीस ही नावे ‘दहा एक, दहा दोन’ अशी सरळ असतात आणि तिथली लहान मुले या टप्प्यावर अमेरिकन मुलांपेक्षा कमी अडखळतात, हे केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच दाखवले होते. तपासणीत म्हणून संख्या दाखवून वाचायला लावणे आणि तोंडी सांगून लिहायला लावणे या दोन वेगळ्या नोंदी ठेवा. ५३ पाहून ‘त्रेपन्न’ म्हणणारे मूल ऐकून ३५ लिहीत असेल, तर अडचण संख्येची नाही, नावाची आहे.

आठवडी बाजारात पोरगं कोथिंबीर विकताना सुटे पैसे अचूक परत देते आणि वर्गात गोठते, याचे आपल्याला कौतुकमिश्रित नवल वाटते. यावर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आदींचा कोलकाता-दिल्लीतल्या बाजारांत केलेला अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आला. त्यात काम करणारी चौदाशेहून अधिक मुले होती. संशोधक गिऱ्हाईक बनून अवघड मापे मागत : २० रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे, १५ रुपये किलोचे १ किलो ४०० ग्रॅम कांदे, वर २०० ची नोट. मुले ३७ रुपये सांगून १६३ परत देत. तीच मुले कागदावरच्या साध्या वजाबाकी-भागाकारात अडखळली. पण शाळेत नियमित जाणाऱ्या, बाजाराचा अनुभव नसलेल्या मुलांचे उलटे झाले : कागदावर चांगली, बाजारात गारद. हा दुसरा निष्कर्ष आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. परीक्षेच्या गुणांवर भर देणाऱ्या लातूर पॅटर्नच्या प्रदेशात तर तो टोचायला हवा.

मोठ्यांच्या बाबतीत ही सगळी काळजी आपण गुंडाळूनच ठेवतो. खरिपाआधी बियाण्याच्या बैठकीत शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजायचे प्रात्यक्षिक होते, ‘समजलं का?’ विचारले जाते, सगळे माना हलवतात. त्याऐवजी एक प्रश्न विचारावा : सोयाबीनची उगवण सत्तर टक्के धरून एकरी ३० किलो बियाणे सांगितले आहे, तुमचे शंभरातले साठच उगवले, तर किती घ्याल? ४० म्हणणारा ‘दहा कमी तर दहा जास्त’ असा बेरजेचा विचार करतो. ३३ म्हणणारा तिसाचे दहा टक्के वाढवतो. उत्तर ३५ : तिसाला सत्तरने गुणून साठने भागायचे. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, क्विंटल-किलोचा हिशेब बोटावर करणारा माणूसही इथे ४० म्हणू शकतो, कारण मोंढ्यातला भाव क्विंटलमागे ठरलेला असतो, वजन वाढले की पैसे वाढतात. इथे उगवण घटली की बियाणे वाढते, सगळे उलटे चालते. एवढे कळले की पुढच्या बैठकीत काय सांगायचे ते ठरते.

हाच प्रश्न आठवड्याने पुन्हा विचारावा. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिलेल्यांना ५६ टक्के मजकूर आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. बैठकीच्या शेवटी माना डोलतात त्या या पहिल्या पाच मिनिटांतल्या.

राहिली ऊसतोडीला जाणारी मुले. दिवाळीनंतर फडावर गेलेले मूल परत आले की त्याची चाचणी होते, गुण घसरलेले दिसतात आणि त्याला खालच्या गटात टाकले जाते. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्मरण मोजायची दुसरी रीत दाखवली : विसरलेले पुन्हा शिकायला किती कमी वेळ लागतो ते पाहायचे. आठवत नाही असे वाटणारी गोष्टही दुसऱ्यांदा लवकर येते. तेव्हा जाण्याआधी एक नोंद करावी, आल्यावर एक, मग चार-पाच दिवस उजळणी घेऊन तिसरी. गट तिसऱ्या नोंदीवरून ठरवावा.

आपल्याकडे एक मागणी आहे. जिल्ह्याची टक्केवारी छापाल तेव्हा तिच्याशेजारी मुलांना दिलेली उदाहरणेही छापा. चार ओळींची जागा लागेल, पण वाचकाला घरच्या लेकराला तीच उदाहरणे घालून बघता येतील.

आपला,
शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामातला एक वाचक,
सेलू, जि. परभणी