डोळ्यांची आखणी

बडोदे

तीर्थरूप आई-बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

"प्रदर्शनाला माणसे आली का?" असे बाबांनी परवा फोनवर विचारले, तेव्हा मी "आली" एवढेच म्हणून विषय बदलला. माणसे आली होती, पण माझ्या शिल्पांपुढे कोणी थांबले नाही. एका बाईंनी मुलाला "हात लावू नकोस" म्हणून दटावले आणि त्या पुढे गेल्या. माझ्या कामावर झालेले बोलणे एवढेच. पुढचे चार दिवस मी मनात प्रेक्षकांनाच नावे ठेवीत होतो.

बाबा, पाचव्या दिवशी मला तुमची आखणी आठवली. साच्यातून मूर्ती काढणारे, हातपाय जोडणारे, रंगाचा हात देणारे कारागीर आपल्या कारखान्यात पुष्कळ होते, आईच्या सोनेरी रंगाच्या वाट्या तर चौकटीपर्यंत मांडलेल्या असत. पण डोळ्यांना ब्रश लावायचा तो तुम्हीच. आधी पांढरा, मग बुबुळ, मग श्वास रोखून ओढलेली पापणीची काळी रेघ. त्यानंतर तुम्ही मूर्ती पाटावर ठेवून चार हात मागे सरकत आणि जमिनीवर मांडी घालून बसत. घरातली माणसे मखरापुढे जशी बसतात तसे बसून गणपती आपल्याकडे पाहतो की छताकडे, हे तुम्ही पाहत होता, आणि नजर चुकली असेल तर रात्रीचे जेवण थांबत असे. मी दहा वर्षे शिल्पकला केली, तरी माझे काम पाहणारा माणूस कुठे उभा राहील, त्याच्या डोळ्यांची उंची किती असेल, हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

दिवाळीत पेणला आलो होतो तेव्हा एक दिवस अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या शिल्पालयात गेलो, हे तुम्हाला सांगायचे राहिले. गणपती करणाऱ्या घरात वाढलेला हा माणूस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, लंडनला जाऊन आला, १९२८ साली त्याने पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवला, आणि तरीही गावाकडची कोळीण आणि म्हैस त्याच्या हातातून सुटली नाही. त्या म्हशीपुढे एक शेतकरी बराच वेळ उभा होता. तो शिल्पाबद्दल काही बोलला नाही. ती किती दूध देत असेल, याचा त्याने सोबत्याशी हिशेब मांडला. मला त्या हिशेबाचा हेवा वाटला. पाठीच्या हाडांवर करमरकरांनी जे काम केले आहे ते केवळ स्वतःच्या हौसेसाठी केलेले असणार, पण ते त्या शेतकऱ्यापर्यंत पोचले होते.

तरीही बाबा, तुमचे "गिऱ्हाईक म्हणेल तसे करायचे" हे मला अजून पटत नाही, आणि खरे सांगायचे तर तुम्हीही ते पाळलेले नाही. मोबाईलमध्ये मोठ्या मंडळाच्या राजाचा फोटो दाखवून "अगदी अशीच" म्हणणाऱ्यांना तुम्ही मान डोलावत होता, मुकुट आणि बैठक फोटोबरहुकूम करून देत होता, पण आशीर्वादाच्या हाताची बोटे मात्र दर वेळी तुमचीच असत: किंचित वाकलेली, थकलेल्या माणसाच्या हातासारखी. कोणी तक्रार केली नाही. उलट तीच माणसे वर्षानुवर्षे परत येत राहिली. त्यांना फोटोतला गणपती हवा होता, आणि ते घेऊन जात होते तुमचा. माझ्या बाजूने मात्र नुसती बोटेच होती; समोरच्याला ओळखीचे वाटेल असे मी काहीच ठेवले नव्हते.

म्हणून एक विनंती आहे. पावसाळ्यात शाडू वाळत नाही, तेव्हा मे महिन्यातच पंधरा दिवस येतो. माझ्यासाठी दोन पोती माती बाजूला ठेवा. आपल्या घरचा गणपती तुम्ही दर वर्षी सगळ्यांच्या शेवटी, उरलेल्या मातीचा करता. या वर्षी तो मी साच्याशिवाय हाताने करीन. आईने तो रोज बसते त्या जागेवरून पाहावा आणि नजर चुकली असेल तर स्पष्ट सांगावे. आखणीही मीच करणार आहे, पण बाबा, तुम्ही तेव्हा मागे बसा आणि रेघ पूर्ण होईपर्यंत काही बोलू नका.

आईचे गुडघे कसे आहेत ते कळवा.

तुमचा,
बाळू