चिऊ, कैरोला जाण्याआधी हे वाच

चिऊ बाळा,

रविवारी तू फोन मध्येच ठेवलास, त्यानंतर आई जेवताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही, तेव्हाच कळलं की चूक माझी होती. कैरोला जाऊ नको असं मला म्हणायचंच नव्हतं गं. स्वतःच्या पगारातून, एकटी, चार दिवस दुबईहून इजिप्त बघायला चाललीस, हे ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगायच्या आधीच मी दम्याचं काढलं आणि पुढं सगळं बिघडलं. म्हणून आता लिहूनच पाठवतोय. यात दम्याच्या पंपाचा विषय काढणार नाही.

तुझा प्लॅन विजूने मोबाईलवर दाखवला. पहिल्याच दिवशी पिरॅमिड आणि नवं म्युझियम, ते ग्रँड इजिप्शियन, दोन्ही ठेवलंयस. जवळजवळ आहेत हे खरं, पण ते म्युझियम धावत बघायचं नाही. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये ते पूर्ण उघडलं आणि 1922 ला सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातल्या 5000 च्या वर वस्तू तिथं पहिल्यांदा एकत्र मांडल्यात. त्याला एक अख्खा दिवस दे. पिरॅमिड सकाळी लवकर कर, ऊन चढायच्या आत. खुफूच्या पिरॅमिडच्या आत जायचं तिकीट वेगळं असतं, तेही तू काढणार असं लिहिलंयस. आतली वाट चढाची आहे, छत इतकं खाली की कमरेत वाकून चालावं लागतं, पुढं माणूस मागं माणूस, हवा कोंदट. आणि तू जातेस एप्रिलमध्ये, तेव्हा तिकडे खमसीन नावाचा वारा सुटतो, वाळवंटातली धूळ घेऊन येतो, आकाश पिवळं होतं म्हणतात. मास्क ने. साधा नको, चांगला ने.

बघ, परत तिथंच आलो. सोडतो.

मला खरं सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाबद्दल. तू सकाळी मेट्रोने मार गिर्गिसला जाणार, जुनी चर्च बघणार, आणि दुपार मोकळी ठेवलीयस. तिथून नाईलमधलं रोडा बेट जवळच आहे. त्या बेटाच्या दक्षिण टोकाला नायलोमीटर आहे, तो बघ. माझ्यासाठी बघ. 861 साली बांधलाय. दगडाने बांधून काढलेली खोल विहीर, मधोमध संगमरवरी आठकोनी खांब, खांबावर हाताच्या मापाच्या खुणा. नदीचं पाणी बोगद्यांतून विहिरीत यायचं आणि माणूस पायऱ्या उतरून खांबावर पाणी कुठवर चढलं ते वाचायचा. सोळा हात भरलं की साल चांगलं, शहरात आनंदीआनंद. त्याच्या बरंच खाली राहिलं की दुष्काळ, फार वर गेलं की पूर. शेतकऱ्यांवर सारा किती लावायचा तेही त्याच आकड्यावरून ठरायचं. म्हणजे आपल्या उजनी धरणावर मी आयुष्यभर जे केलं तेच गं, पाण्याच्या पातळीची पट्टी वाचायची, रजिस्टरमध्ये लिहायचं, वर कळवायचं. 496.83 मीटरला धरण भरलं की माळशिरसपासून मोहोळपर्यंत माणसं एकमेकांना फोन करतात आणि मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली, गेलं की चहाच्या टपरीवरसुद्धा कोणी मोठ्यानं बोलत नाही, हे तू लहानपणापासून बघितलंयस. तिकडं हजार वर्षं एक माणूस तेच वाचत होता. 1970 ला आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं, पूर यायचा बंद झाला, आता विहीर कोरडी आहे. मला तो खांब बघायचा होता, खात्यात लागलो तेव्हापासून. आता तू बघणारेस, हेही माझ्यासाठी खूप आहे.

पट्टीवरून आठवलं आणि आता आठवलंय तर लिहूनच टाकतो, फोनवर मला हे कधी बोलता येणार नाही. तू पहिलीत होतीस, भीमानगरच्या क्वार्टरमध्ये. त्या रात्री पुण्याकडून विसर्ग वाढत होता आणि मी धरणावर होतो. तुला दम्याचा पहिला मोठा अटॅक आला. आईने तुला दुधाच्या टेम्पोतून टेंभुर्णीला नेलं. मी पहाटे घरी आलो तर दाराला कुलूप, शेजारच्या काकू म्हणाल्या पोरीला नेलंय. त्या रात्रीची दर तासाची लेव्हल मला आजही पाठ आहे. तू श्वास कसा घेत होतीस ते मात्र मला आईकडूनच कळलं. तू म्हणतेस अण्णा, मी 29 वर्षांची आहे. आहेस. पण मला कुलूप दिसतं.

लेक्चर झालं, माफ कर. तू सगळी माहिती काढली असशील, माझ्यापेक्षा जास्तच. तरी दोन गोष्टी. जुन्या शहरात मुइझ रस्त्यावर पायी फिर, खान अल खलिलीच्या बाजारात घाईने काही घेऊ नको. इब्न तुलूनची मशीद सोडू नको, 879 ची आहे आणि मोठं मोकळं अंगण आहे, तिथं मनसोक्त बस. शुक्रवारी दुपारी नमाज असते, ती वेळ टाळ. खाण्याचं आईला सांगितलंय, तिकडे कोशरी मिळते, भात, मसूर, मॅकरोनी, वरून तळलेला कांदा, सगळं शाकाहारी, आपल्या खिचडीचीच बहीण म्हणायची. एकादशी मध्ये येत असेल तर ती तुझी तू बघ, सुमनमावशी काय म्हणेल ते मी बघतो.

नायलोमीटरच्या पायऱ्या उतरताना घाई करू नको, खाली नेत असतील तरच उतर. खांबाच्या खुणांचा जवळून फोटो काढ, सोळावी खूण दिसेल असा.

आणि निळा पंप चेक-इनच्या बॅगेत टाकू नको. एक पर्समध्ये, एक जॅकेटच्या खिशात. पिरॅमिडच्या आत जायचं असेल तर जा, मी अडवत नाही. बाहेर आलीस की फक्त ‘बाहेर’ एवढं टाईप कर. बाकी काही नको.

अण्णा