तुम्ही पुढे केलेल्या त्या पोलबद्दल

श्री. ब्यॉर्नार होकेन्समूएन यांस,

स. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख नाही. मी स्वतः क्रॉस-कंट्री स्कीइंग, म्हणजे बर्फावरून लांब अंतर कापण्याची शर्यत, करत नाही, नुसता बघतो. बघता बघता या खेळाचं वेड लागलेल्यांपैकी मी एक. खरं म्हणजे ज्याला मदत झाली त्याने आभार मानायचे असतात, आणि कॅनडाच्या सारा रेनरने ते केव्हाच मानले आहेत. पण 14 फेब्रुवारी 2006 रोजी तुमची मदत माझ्यासारख्या बघणाऱ्यांनाही झाली, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

पत्र अनावृत आहे, तेव्हा ज्यांना प्रसंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तोरिनोचं हिवाळी ऑलिंपिक. प्राजेलातोच्या ट्रॅकवर महिलांची टीम स्प्रिंट, क्लासिक (दोन्ही स्की समांतर ठेवून सरळ पुढे सरकण्याच्या) पद्धतीची. संघ दोघींचा; आळीपाळीने प्रत्येकीच्या तीन फेऱ्या. कॅनडाकडून सारा रेनर आणि बेकी स्कॉट. पदकाच्या चुरशीत असतानाच साराचा एक पोल, म्हणजे रेटा द्यायची हातातली काठी, मोडला.

पोल मोडला म्हणजे काय झालं, हे टीव्हीवर चटकन कळत नाही. स्की तर शाबूत आहेत, मग जा की पुढे, असं वाटतं. पण क्लासिक पद्धतीत सपाटीवर दोन्ही पोल एकदम रोवायचे आणि कमरेतून वाकून सगळं अंग त्यांच्यावर झोकून द्यायचं, हाच वेग घेण्याचा मुख्य मार्ग. चढावर पाय घसरायला लागले की भार पुन्हा हातांवरच येतो. एक पोल गेला की एकीकडून रेटा मिळतो, दुसरीकडून काहीच नाही. रेटलं की अंग फिरतं, ते सावरण्यात पुढचा रेटा वाया जातो. शिवाय पोल नुसता हातात धरलेला नसतो, तो पट्ट्याने मनगटाला जखडलेला असतो. म्हणजे मोडका पोल सोडवायचा, नव्याच्या पट्ट्यात अंगठा अडकवायचा, आणि हे सगळं धावत्या शर्यतीत, धाप लागलेली असताना.

त्या वेळी बाजूने इतर जणी पुढे निघून जात होत्या. साराचे स्वतःचे प्रशिक्षक तिथे जवळ नव्हते. तुम्ही होतात, नॉर्वेचे प्रशिक्षक. तुम्ही तुमच्या हातातला पोल पुढे केलात आणि तिने तो घेतला. पुरुषी मापाचा, तिच्या पोलपेक्षा चांगला दहा-बारा सेंटिमीटरने लांब. क्लासिकमध्ये पोल साधारण खांद्यापर्यंत येतो आणि लोक एकेका सेंटिमीटरवरून हुज्जत घालतात. तरी एका पोलपेक्षा दोन विजोड पोल केव्हाही बरे. सारा पुन्हा लयीत आली, आघाडीच्या संघांना गाठलं, आणि शेवटी स्वीडनला सुवर्ण, कॅनडाला रौप्य. दोघांत एका सेकंदाचंही अंतर नव्हतं. कांस्य फिनलंडला. नॉर्वे चौथा.

या चौथ्या जागेवरून तुमच्या कृतीला पुढे त्यागाची झळाळी चढवण्यात आली. मला ती गोष्ट तशी सांगितलेली आवडत नाही. पोल देताना तुमचा संघ चौथा येणार हे तुम्हाला कुठे माहीत होतं? तुम्ही हिशेब मांडून काही सोडलं नाहीत; तुम्ही हिशेबच मांडला नाहीत, आणि मला त्याचंच जास्त अप्रूप आहे. नियमाने पोल बदलता येतो, तो कोणी द्यावा याला बंधन नाही, आणि जादा पोल घेऊन प्रशिक्षक ट्रॅकच्या कडेला उभे असतात ते याचसाठी. तुमच्या खेळाची ही जुनी रीत आहे. पण रीत असणं वेगळं आणि ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, आपल्याच संघाच्या विरोधात जाऊ शकेल अशा वेळी, ती पाळायला हात आपसूक उठणं वेगळं. त्यातून ते वर्ष नॉर्वेला वाईट गेलं. ज्या देशात हा खेळ घराघरांत खेळला जातो, त्याला तोरिनोत क्रॉस-कंट्रीचं एकही सुवर्ण मिळालं नाही. तिथे एकेक पदक किती मोलाचं झालं असेल, हे वेगळं सांगायला नको.

आता साराविषयी. ती वाढली कॅनडाच्या रॉकी पर्वतात, माउंट असिनिबोइनच्या पायथ्याशी, आईवडील चालवत असलेल्या लॉजवर. तिथे मोटाररस्ता जात नाही. स्कीवर जा, पायी जा नाहीतर हेलिकॉप्टरने. 1998 चं नागानो तिचं पहिलं ऑलिंपिक, मग 2002 चं सॉल्ट लेक सिटी. 2005 मध्ये ओबर्स्टडॉर्फच्या जागतिक स्पर्धेत स्प्रिंटचं कांस्य. ऑलिंपिकचं पदक मात्र तोवर नव्हतं. तोरिनोनंतर मुलगी झाली, आणि सारा पुन्हा ट्रॅकवर येऊन 2010 ला व्हँकुव्हरमध्ये, म्हणजे घरच्या ऑलिंपिकमध्ये उतरली. त्यानंतर निवृत्ती. चार ऑलिंपिक आणि एक पदक. तो पोल मिळाला नसता तर या कारकिर्दीची ऑलिंपिकपुरती नोंद 'पोल मोडला' एवढीच उरली असती.

तिच्या जोडीदारणीचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. 2002 मध्ये बेकी स्कॉट सॉल्ट लेकला पर्स्यूट (दोन टप्प्यांच्या) शर्यतीत तिसरी आली. पुढच्या दोघींनी, रशियाच्या डानिलोवा आणि लाझुटिना यांनी, त्याच ऑलिंपिकमध्ये बंदी असलेलं औषध घेतल्याचं चाचणीत निघालं. मग सुनावण्या, अपिलं, लवाद. कांस्याचं आधी रौप्य झालं, मग सुवर्ण, आणि ते प्रत्यक्ष गळ्यात पडायला 2004 उजाडलं. शर्यत जिंकली एका हिवाळ्यात, पदक मिळालं दोन वर्षांनी, बर्फाचा मागमूस नसलेल्या जून महिन्यात. बघणाऱ्यांना तर तिला विजयमंचाच्या वरच्या पायरीवर पाहायला मिळालंच नाही. आम्ही त्या दिवशी टाळ्या वाजवल्या त्या चुकीच्या निकालाला.

तेव्हा माझे आभार नेमके कशाबद्दल, हे आता लक्षात येईल. आम्ही शर्यत बघतो ती सगळ्यांत वेगवान कोण हे कळावं म्हणून. कोणाच्या पोलवर कोणाचा पाय पडला, कोणाचा कार्बनचा दांडा ऐन वेळी दगा देऊन गेला, हे कळून आमच्या पदरात काय पडणार? सॉल्ट लेकचा निकाल खरा व्हायला दोन वर्षं आणि वकिलांची फौज लागली. प्राजेलातोचा निकाल तुम्ही काही सेकंदांत, नुसता हात पुढे करून, खरा ठेवलात. बेकी स्कॉटच्या वाट्याला एकाच खेळातली ही दोन्ही तऱ्हेची माणसं यावीत, याला काय म्हणावं!

कॅनडावाल्यांनी तुमच्या आभारादाखल सुमारे पाच टन मेपल सिरप नॉर्वेला धाडलं. (एवढ्या सिरपचं लोकांनी काय केलं असेल, हा प्रश्न मला अजून छळतो.) पण मला त्याहून खरी परतफेड वाटते ती आठ वर्षांनंतरची. 2014, सोची, पुरुषांच्या स्प्रिंटची उपांत्य फेरी. रशियाचा अंतोन गाफारोव्ह पडला, त्याची स्की मोडली आणि तिच्या तळाची पट्टी पायाला गुंडाळली गेली. बाकीचे शर्यत संपवून गेले, आणि तो घरच्या प्रेक्षकांसमोर पाय ओढत शेवटच्या रेषेकडे निघाला होता. भोवती माणसं होती, पण जागची कोणी हलत नव्हती. तेव्हा एक जण जादा स्की घेऊन ट्रॅकवर धावला, त्याच्या पायाशी गुडघ्यावर बसला, मोडकी स्की सोडवली आणि दुसरी अडकवून दिली. तो कॅनडाचा प्रशिक्षक होता, जस्टिन वॉड्सवर्थ. बेकी स्कॉटचा नवरा.

यात ना पदक होतं ना क्रमांकाचा प्रश्न. गाफारोव्हला स्कीवर उभं राहून शर्यत संपवता यावी, एवढंच. तुमचा प्रसंग वॉड्सवर्थच्या मनात त्या क्षणी आला असेल का, हे त्यालाच ठाऊक. पण ज्या घरातलं रौप्यपदक तुमच्या पोलमुळे आलं, त्याच घरातला माणूस सोचीत धावला, हे वाचलं तेव्हा मी उठून चहा टाकला आणि तो व्हिडिओ पुन्हा लावला.

एक राहिलं. त्या दिवशी चौथ्या आलेल्या तुमच्या दोघी खेळाडूंचे आभार कोणी मानल्याचं माझ्या वाचनात नाही. कॅनडा बाहेर पडला असता तर कांस्य त्यांचं होतं. पोल तुम्ही दिलात, किंमत त्यांच्या पदकाने चुकती झाली, आणि सिरपच्या बातम्यांत नाव आलं ते तुमचं. कधी भेट झाली तर त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि हे पत्र त्यांनाही आहे असं कळवा.

लोभ असावा.

आपला,
एक मराठी क्रीडाप्रेमी