पार्टिशन क्रमांक 3 म्हणजे आमचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11ला लागणारे टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) कित्येक जुन्या लॅपटॉपमध्ये नसते. तेव्हापासून लालबागच्या आमच्या अभ्यासिकेत "यावर लिनक्स टाकून द्या" (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) म्हणत येणारे वाढले आहेत. दर शनिवारी संध्याकाळी मी ते काम करतो, म्हणून हे पत्र.

मंडळाच्या खजिनदारांनी मी गावी असताना स्वतःच लिनक्स टाकायला घेतले. सी ड्राइव्हवर लिनक्स, डी ड्राइव्हवर मंडळाचा 9 वर्षांचा हिशेब तसाच, असा साधा बेत. पडद्यावर मात्र सी नाही, डी नाही. एसडीए1, एसडीए2, एसडीए3, ईएक्सटी4, माउंट पॉइंट! शेवटी खात्री करून घेतली गेली तीही इंग्रजीत आणि अशी: 'एससीएसआय1 (0,0,0) मधले पार्टिशन क्रमांक 3 ईएक्सटी4 म्हणून फॉरमॅट होणार.' पार्टिशन म्हणजे डिस्कचा एक भाग, आणि क्रमांक 3 हाच त्यांचा डी ड्राइव्ह होता. त्यांनी 'पुढे' दाबले. हिशेब गेला. रोज टॅली चालवणाऱ्या माणसाला संगणक कळत नाही, असे कृपया कोणी म्हणू नये. यंत्राने आपल्याकडची सगळी नावे दाखवली, पण 'यात तुमच्या फायली आहेत, त्या पुसल्या जातील' हे एक वाक्य दाखवले नाही.

म्हणून आतले सगळेच झाकून टाका, हेही मला पटत नाही. पावसाळ्यात एकदा लाइट गेल्यावर अभ्यासिकेतला संगणक लोगोवरच थांबला. परीक्षेचा फॉर्म भरायला आलेल्या मुलीने तो तीनदा बंद-चालू केला. मी एस्केप दाबले, तर लोगोमागे डिस्कची तपासणी चालू होती. दहा मिनिटे वाट पाहिली आणि संगणक सुरू झाला. ती ओळ समोर असती, तर मुलगी बटणाला हात न लावता बसून राहिली असती.

माणसाच्या फायलींचा किंवा वेळेचा प्रश्न असेल तिथे त्याला त्याच्या भाषेत सांगा, विचारा. बाकीचे डिस्ट्रोने, म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती बनवणाऱ्यांनी, ठरवावे. डेबियन या डिस्ट्रोमध्ये पूर्वी अनेक लॅपटॉपचे वायफाय चालण्यासाठी फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारे, पण मुक्त नसलेले सॉफ्टवेअर) वेगळे शोधून आणावे लागे, म्हणजे इंटरनेट मिळवायला आधी इंटरनेट हवे. 2022 मध्ये डेबियनवाल्यांनी यावर मतदान घेतले आणि 2023च्या डेबियन 12पासून ते इन्स्टॉलरमध्येच दिले. मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाला त्यात मुरड पडली, तरी मला तो निर्णय योग्य वाटतो. टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) मात्र कोणी काढू नये. ज्याला शिकायचे आहे त्याच्यासाठी पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहे.

इंग्रजी चांगले असलेल्या आपल्या वाचकांना आणि इंजिनीअरिंगच्या मुलांना एक विनंती. डिस्ट्रोंच्या भाषांतराचे काम स्वयंसेवकच करतात. मेनूच्या आधी हे इशारे मराठीत आणा, आणि शब्दाला शब्द न ठेवता आणा.

खजिनदार सध्या पावतीपुस्तकांवरून हिशेब पुन्हा उतरवत आहेत. 2019पर्यंत आले आहेत.

– एक वाचक, लालबाग, मुंबई